मिस्त्रीच्या छातीतली टिकटिक

आधी मले वाटलं भिंतीवर घड्याळ असन. मंग मान वर करून पाह्यलं तं त्या वार्डात घड्याळच नव्हतं.

मिस्त्रीले त्याच सकाळी आयसीयूतून वार्डात आणलतं. मिस्त्री म्हणजे माहे मालक, अय्यूब मिस्त्री. वणीले चंद्रपूर रोडवर त्यायचं गॅरेज हाय, कोळशाचे ट्रक तिथं दुरुस्तीले येतात. सारी वणी त्यायले मिस्त्री म्हणते, तं मी बी मिस्त्रीच म्हणते. लाडात आली का 'अलफियाचे अब्बा' म्हणते, पण तसा मोका वर्षातून एखाद्या खेपेलेच येते. घरात आमची अर्धी हिंदी अन् अर्धी वऱ्हाडी चालते. मी मारेगावच्या मराठी शाळेत शिकली, म्हणून राग आला का माह्या तोंडातून वऱ्हाडीच निघते. मिस्त्रीच्या या आजारपणात मी दुसरं काही बोललीच नाही.

लहानपणी त्यायले ताप आलता, सांधे सुजलते. त्या तापानं तवाच हृदयाची एक झडप खराब करून ठेवली, अन् आम्हाले समजलं आता, जवा जिना चढता चढता माणूस अर्ध्यात बसाले लागला. यवतमाळच्या दवाखान्यात नागपूरचे सर्जन येतात. त्यायनं छाती उघडली, झडप बदलली, ऑपरेशन चांगलं झालं म्हणून सांगतलं. मी शुकराण्याची नमाज पढली अन् आता सारं निभावलं असं समजून घरून आणलेला चादरीचा गठ्ठा सोडाले बसली. तवाच ती टिकटिक ऐकू आली.

बारीक होती, पण एकसारखी. टिक, टिक, टिक. मी उशी उचलली, पिशवी झाडली, मोबाईल कानाले लावून पाह्यला. बाजूच्या खाटेवर उमरखेडकडचे कास्तकार होते, किसनराव नावाचे. त्यायची बायपास झालती, अन् सोबतीले त्यायची बायको पंचफुलाबाई होती. मी शोधून राह्यली म्हणून ते बाई बी उठली अन् खाटेखाली वाकून पाहाले लागली.

"भाभी, किडा असन वं. लाकडातला किडा असाच वाजते."

"खाट लोखंडाची हाय, बाई."

"मंग लोखंडातला असन."

मिस्त्री आमचा तमाशा पाहत पडलते. मी त्यायचं पांघरूण सारखं कराले वाकली, तं आवाज मोठा झाला. अन् त्यायनं तोंड उघडलं, "काय हुडकून राह्यली?" म्हणले, तवा तं ते टिकटिक सरळ त्यायच्या तोंडातूनच बाहेर आली. मी दोन पावलं मागं सरली.

"या अल्लाह! तुम्ही वाजून राह्यले?"

"मीच," मिस्त्री म्हणले. अन् तोंड मिटून घेतलं. आवाज परत बारीक झाला.

आता अशी गोष्ट समजल्यावर माणूस चूप बसन का? मी सिस्टरले बोलावलं, सिस्टरनं दिपालीले बोलावलं. दिपाली म्हणजे तिथली व्यायाम करवणारी पोरगी, ऑपरेशनच्या पेशंटायले ते उठवते, चालवते, खोकला काढाले लावते. आंगानं हडकुळी, पण आवाज असा का बस स्टँडवर उभी राह्यली तं माईक लागू नये. तिनं सांगतलं, नवीन झडप बनवलेली हाय. तिले दोन पानं असतात, ते उघडतात अन् मिटतात, मिटले का टिक वाजते. हा आवाज आता जलमभर राहीन. तोंड उघडलं का जास्त ऐकू येते, त्यात भेवाचं काही नाही.

"कायची बनवलेली हाय?" मी इचारलं. "लोखंडाची?"

"नाही काकू, कार्बनची. खास प्रकारचा कार्बन असते."

"म्हणजे कोळसाच म्हण ना!" किसनराव खाटेवरून बोलले. "वणीच्या माणसाच्या छातीत आखरीले कोळसाच घातला."

सारा वार्ड हासला. मिस्त्री नाही हासले.

त्या दिवसापासून लोकायले खेळच झाला. पंचफुलाबाई येऊन म्हणे, "भाऊ, मले ऐकू द्या ना, आ करा." मिस्त्री आ करत. चहावाला येई, तो बी कान देई. अलफिया, माही लेक, यवतमाळातच नोकरी करते. ते संध्याकाळी आली का मोबाईलवर आवाज भरून आपल्या मामीले, खालाले पाठवे. किसनरावचं तं तोंडच उतरलं. "माही बी छाती चिरली ना बावा, मंग माह्या आत काहीच कसं वाजत नाही?" दिपालीनं समजावलं का तुमच्या नळ्या बदलल्या, नळ्या वाजत नाहीत. तरी ते नाराजच होते. रात्री बायकोले कान लावाले लावत अन् म्हणत, नीट ऐक, काहीतरी असनच.

वणीवरून इंद्रजीत भेटाले आला. तो ट्रक चालवते, मिस्त्रीचा जुना गिऱ्हाईक. त्यानं कान लावला, डोळे मोठ्ठे केले अन् म्हणला, "मिस्त्री, इंजनचा ढिला टॅपेट असाच वाजते ना जी! पाना आणू का?"

मी लय हासली. माह्या डोयात पाणी आलं हासता हासता. मिस्त्रीनं नुसतं बोट ओठावर ठेवलं, चूप राहा म्हणून, अन् डोळे मिटले. इंद्रजीतचं हासू तोंडातल्या तोंडात राह्यलं. मले तवा वाटलं, छाती दुखून राह्यली असन, म्हणून चिडले.

घोर लागला तो दुसऱ्याच गोष्टीनं. मिस्त्री खाटेवरून उठतच नव्हते.

दिपाली सकाळी येई, काका चला, चार पावलं चालू म्हणे. मिस्त्री नाही म्हणत. तिनं एक पारदर्शक डबा देल्लता, त्यात तीन रंगाच्या गोळ्या, नळी तोंडात धरून श्वास आत ओढला का गोळ्या वर चढतात. फेफडे मोकळे होतात त्यानं. मिस्त्रीनं तो डबा खिडकीत ठेवून देल्ला. उशी छातीशी धरून जोरानं खोकला म्हटलं तं वरवर खोकल्यासारखं एकदा करत अन् चूप. किसनराव माणूस मिस्त्रीपेक्षा म्हातारा, तो रुमाल खांद्यावर टाकून वार्डात येरझारा घालून राह्यला अन् आमचे मिस्त्री छताकडे पाहून राह्यले.

"काका, काहून चालत नाही? दुखते का?"

"दुखत नाही."

"मंग?"

तवा मिस्त्रीनं तिले समजावून सांगतलं. अगदी शांत, जसे ड्रायव्हर लोकायले सांगतात. "बेटा, इंजन खोलून नवीन बांधलं का आम्ही पयल्या दिवशी गाडीवर माल भरू देत नाही. रिकामी चालवाची, हलक्या पायानं. आधी तं नुसतं जाग्यावर चालू ठेवाचं. बसू द्याचं त्याले. माहं इंजन आता खोललं तुम्ही. कायले एवढी घाई करून राह्यले?"

दिपाली आधी हासली. मंग तिनं मिस्त्रीचं तोंड पाह्यलं अन् हासणं बंद केलं. "काका, हे इंजन नाही हो."

"वॉल्व बदलला ना? मंग इंजनच हाय."

घ्या! आता याच्यावर काय बोलावं? मी माह्या परीनं बोलली. म्हणलं, मिस्त्री, उभ्या गाडीले जंग लागते. तं म्हणले, जंग एका दिवसात नाही लागत. म्हणलं, डॉक्टर येडे हायत का? म्हणले, डॉक्टर हुशार हायत, पण त्यायनं डिझेल इंजन नाही बांधलं. किसनराव येऊन छाती काढून उभे राह्यले, "माह्याकडे पाहा मिस्त्रीभाऊ." मिस्त्री म्हणले, "तुमच्या नळ्या बदलल्या. वॉल्वची गोष्ट अलग हाय." साऱ्या गोष्टीले उत्तर तयार. मले तं वाटे, तोच गोळ्यायचा डबा उचलून यायच्या डोक्यावर आपटू का.

मंग मिस्त्रीचं आंग तापलं, तं अलफिया नोकरीवरून धावत आली. दुपारून मोठे डॉक्टर आले, पाठीले नळी लावून ऐकलं, एक्स-रे काढून आणला. मले अन् अलफियाले दाराबाहेर बोलावलं. म्हणले, झडप चांगली चालून राह्यली, पण फेफड्याच्या खालच्या भागात हवा जाऊन राह्यली नाही, कफ साचून राह्यला. असेच पडून राह्यले तं निमोनिया होईन. "उद्या सकाळी परत एक्स-रे काढू. तोवर हे उठले पाह्यजेत, खोकले पाह्यजेत. नाही तं परत आयसीयूत न्यावं लागन, मशीनवर ठेवाची बी पाळी येऊ शकते. अन् मंग मी काही सांगू शकत नाही."

अलफिया तिथंच भिंतीले टेकली. ज्या माणसाची छाती उघडून परत शिवली, तो वाचला, अन् आता चार पावलं चालला नाही म्हणून मरन? माही नुसती आग आग झाली. मी आत गेली अन् जे तोंडाले आलं ते बोलली. हट्टी म्हणलं, बैल म्हणलं, आपल्या लेकीचा इचार नाही म्हणलं. अलफिया रडली, "अब्बा, माह्यासाठी उठा." मिस्त्रीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. उठले नाही.

तवा मले पयल्यांदा शंका आली. मिस्त्री हट्टी हायत, हे मले निकाह झाल्याच्या पयल्या आठवड्यातच समजलं, पण अलफियापुढे त्यायचा हट्ट कधी टिकला नाही. तिनं मागावं अन् यायनं हो म्हणावं, अशी रीत. तिच्या रडण्यानं बी जो माणूस हालत नाही, त्याच्या आत काहीतरी दुसरंच असन. अन् मले हे बी माहीत हाय का नवीन इंजनची गोष्ट पूर्ण खरी नव्हती. जास्त बोलून पटवत होते ते, अन् मिस्त्री खऱ्या गोष्टीले जास्त बोलत नाहीत.

म्हणून मी भांडणं थांबवलं अन् पाहाले बसली. अलफियाले कॅन्टीनमधी पाठवलं, स्टूल पायथ्याशी ओढलं, बोलली नाही. माह्यासारख्या बाईले न बोलता बसणं म्हणजे काय असते ते मलेच माहीत.

काय दिसलं? मिस्त्रीचं तोंड मिटत नव्हतं. जरासं उघडंच होतं, ओठ कोरडे पडले तरी. पंखा बंद होता, त्यायनंच बंद करवलता, घामानं उशी भिजली तरी लावू देत नव्हते. पंचफुलाबाई किसनरावले काहीतरी सांगून राह्यलती, तं यायच्या कपाळावर आठी पडली, अन् ते बाई थांबली तवाच आठी गेली. जेवणाची गाडी खडखड करत आली. मिस्त्रीचा हात आपोआप वर गेला. श्वास धरला. गाडी पुढं गेली, हात खाली आला.

मी मुद्दाम करून पाह्यलं. स्टीलची ताटली घेतली अन् फरशीवर सोडून देल्ली. सारा वार्ड दचकला, "काय पडलं वं?" म्हणून सारे माह्याकडे पाहाले लागले. एकटे मिस्त्री ताटलीकडे पाहत नव्हते. डोळे मिटून, तोंड उघडून ते आत पाहत होते. ताटली गोल गोल फिरून थांबली, तवा त्यायचा श्वास सुटला.

मले गॅरेज आठवलं. खोललेलं इंजन बांधून पयल्यांदा चालू केलं का मिस्त्री त्याच्याजवळून हालत नाहीत. ही त्यायची पद्धत, त्यायच्या उस्तादापासून चालत आलेली. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक इंजनवर टेकवतात, मूठ कानाले लावतात अन् उभे राहतात. मी पाठवलेला जेवणाचा डबा तसाच परत येते. कोणी बोललं तं हात वर करतात. त्यायचं म्हणणं, नवीन बांधलेल्या इंजनले पयल्या दिवशी एकटं सोडाचं नाही. त्याच्यात काही बिघडलं तं आवाज आधी बदलते, अन् ते ऐकाले कोणीतरी पाह्यजे.

नवीन इंजन-बिंजन काही नाही. हा माणूस चालत नाही कारण चालताना ऐकू येत नाही. खोकलत नाही कारण खोकल्यात टिकटिक बुडते. अन् मंग मले हे बी उमगलं का हा माणूस झोपला बी नसन.

मी स्टूल उशाशी नेलं.

"अलफियाचे अब्बा," मी म्हणलं.

त्यायनं चमकून पाह्यलं.

"खरं सांगा. तुम्ही ऐकून राह्यले ना? सारा वेळ?"

त्यायनं मान फिरवली. मंग म्हणले, "तिकडे आयसीयूत मशीन होती. रात्रंदिवस टूं टूं करे. इकडे आणलं अन् वायरा काढून टाकल्या. म्हणले, आता गरज नाही. मंग कोणीतरी ऐकाले पाह्यजे का नाही, शहनाज? मी झोपलो अन् थांबलं, तं कोणाले समजन?"

"झोपले नाही तुम्ही?"

"डोळा लागते. लागला का दचकून उठतो."

"अन् जुनं?" माहा आवाज चढला, मले आवरला नाही. "पन्नास वर्षं जुनं चाललं, ते कोण ऐकत होतं? ढाराढूर घोरत होते तुम्ही माह्या बाजूले! तवा कोण पेचकस लावून बसलतं?"

"जुनं वाजत नव्हतं ना." मिस्त्री म्हणले. "जे वाजत नाही, ते थांबन असं माणसाच्या ध्यानातच येत नाही. हे वाजते. प्रत्येक खेपेले वाजते. अन् प्रत्येक खेपेले मले वाटते, आता पुढची येते का नाही."

अन् रडले. मी त्यायले त्यायच्या मायच्या मयतीत रडताना पाह्यलं, त्याच्यानंतर आज. मिस्त्रीले भेव वाटून राह्यलतं. बस, एवढीच गोष्ट होती. एवढा मोठा माणूस, जॅक नसला तं खांदा लावणारा, अन् लहान पोरासारखा भेलता. अन् मी त्याले बैल म्हणलतं. मले त्यायची दया आली अन् राग बी आला, दोन्ही एकाच वक्ती.

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगून काय करती तू?"

"ऐकती!"

आता वणीतल्या माणसाले पाळी काय असते ते समजावून सांगा लागत नाही. खाणीत एक पाळी वर येते, दुसरी खाली जाते, काम थांबत नाही. मी म्हणलं, "मिस्त्री, तुमची पाळी झाली. आता माही. तुम्ही झोपा, मी ऐकते. संध्याकाळी अलफिया ऐकन."

"तुले जमणार नाही. तू बोलत बसशीन."

"एक शब्द बोलणार नाही."

"ताल ध्यानात ठेवा लागते. अंतर कमी-जास्त झालं तं समजलं पाह्यजे."

"शिकवा मंग."

अन् त्यायनं शिकवलं. तापलेल्या आंगानं, हळू आवाजात, अर्धा घंटा शिकवलं. आवाजाच्या मागं धावाचं नाही, म्हणले. दोन आवाजाच्या मधातली जागा ऐकाची, बिघाड तिथं आधी येते. माहं डोस्कं त्यायच्या तोंडाजवळ, उशीवर, माहा दुपट्टा सरकून खाली. भरल्या वार्डात, दिवसाढवळ्या! पंचफुलाबाईनं गुपचूप येऊन मधातला पडदा ओढला. तिनं काय समजलं असन ते समजो, मी पर्वा नाही केली.

"समजलं?"

"समजलं."

"सांग मंग, आता कसं हाय?"

मी ऐकलं. "बरोबर हाय," म्हणलं.

त्यायनं डोळे मिटले. दोनदा उघडून पाह्यलं, मी ऐकून राह्यली का नाही म्हणून. तिसऱ्यांदा नाही उघडले.

मिस्त्री झोपले अन् मी ऐकत राह्यली. काय सांगू, मले आधी गंमतच वाटत होती, मंग गंमत गेली अन् नवल वाटाले लागलं. हा आवाज मिस्त्रीचा का त्या कोळशाच्या तुकड्याचा? मिस्त्री झोपेत बडबडले, तुकडा बडबडला नाही. मिस्त्रीनं कूस बदलाले पाह्यलं, कळ आली, कण्हले, तं तुकडा जरा घाईनं चालला, मंग परत जागेवर आला. म्हणजे तो मिस्त्रीचंच ऐकत होता. बनवणारानं कुठं दूर देशी बनवला असन, अन् इथं येऊन यायचा झाला. अन् मिस्त्री म्हणत होते ते बी खरं होतं. मधातली जागा ऐकाले लागली का भेव वाटते. प्रत्येक खेपेले माहा जीव पुढच्या टिकवर जाऊन बसे. हे काम हा माणूस एकटा करून राह्यलता, रात्रंदिवस, अन् वरून माह्या शिव्या खात होता.

चहाच्या वक्ताले मिस्त्री जागे झाले. मी तशीच होती, मान आखडून गेलती.

"थांबलं होतं का मधात?"

"नाही."

"एकदा बी नाही?"

"तुम्ही झोपले तवा जास्त चांगलं चाललं. तुम्ही कान लावून बसता ना, त्याले बी टेन्शन येत असन."

मिस्त्रीनं पाणी मागतलं. प्याले. छताकडे पाह्यलं. मंग खिडकीतला गोळ्यायचा डबा मागतला अन् एक गोळी अर्धी वर नेली. मी काही बोलली नाही, मले भेव होतं का मी बोलली तं पाळी तुटन.

"चालताना कसं करशीन?" त्यायनं इचारलं.

"बाजूनं चालीन. कान तुमच्याकडे ठेवीन. तुम्ही इचारा, मी सांगीन."

दिपालीले बोलावलं. तिनं मिस्त्रीले बसवलं, पाय खाली सोडवले, उभं केलं. उशी छातीशी धरलेली, एका बाजूनं मी, मागून दिपाली. वार्डाच्या दारापर्यंत ठीक होतं. वार्ड शांत होता, किसनरावनं सगळ्यायले चूप करून ठेवलतं.

"चालू?" मिस्त्रीनं इचारलं.

"चालू," मी म्हणलं.

दाराबाहेर निघालो अन् अल्लाह! त्या लांब व्हरांड्यात एवढा कल्ला का काही सोय नाही. एका बाजूले ड्रिल मशीननं भिंत फोडून राह्यलते, दुसरीकडे स्ट्रेचरची चाकं, कोणाचं पोरगं भोकाड पसरून, अन् भेटाले आलेल्या लोकायची गर्दी. मिस्त्रीचं पाऊल थांबलं. चेहरा पांढरा पडला.

"चालू?"

"चालू."

पाऊल पडलं. मंग दुसरं पडलं.

"चालू?"

"चालू."

खरं सांगू? मले काहीही ऐकू येत नव्हतं. मी मान तिरपी केली, त्यायच्या तोंडाजवळ कान नेला, दुपट्टा बाजूले केला, तरी त्या ड्रिलपुढे काही नाही. माहं स्वतःचं काळीज तेवढं कानात धडधड करून राह्यलतं. अन् मी म्हणत होती, चालू. चालू. चालू.

खिडकीपाशी मिस्त्री थांबले. दम लागलता. माह्याकडे पाह्यलं.

"तुले ऐकू येऊन राह्यलं?"

"हो."

"मले नाही येऊन राह्यलं."

त्यायच्यापुढे खोटं कसं टिकन? त्या कानानं रस्त्यावरच्या ट्रकाचा आजार घरात बसून ओळखला होता.

"शहनाज," मिस्त्री म्हणले, "बंद पडलं तरी तू चालूच म्हणशीन."

"म्हणीन!" माह्या डोयातून पाणी वाहून राह्यलं अन् तोंड तसंच चालू. "बिलकूल म्हणीन. मले खोटी ठरवाची असन, तं पडून दाखवा!"

मिस्त्रीले हासू फुटलं. हासता हासता कळ आली, कळीसंगं खोकला आला, उशी आवळून धरली अन् असे खोकलले, असे खोकलले का व्हरांड्यातले लोक वळून पाहाले लागले. दिपाली मागून ओरडली, "शाब्बास काका, अजून! काढा, काढा बाहेर!" ते पोरगी नाचायचीच बाकी होती. कफ निघाला. मिस्त्रीचे डोळे लाल झाले, कपाळाची शीर तट्ट फुगली, अन् त्या साऱ्या वेळात त्यायनं एकदा बी हात वर नाही केला, एकदा बी कान नाही देल्ला.

मले वाटलं आता परत फिरतीन. त्यायनं उशी बगलेत घेतली अन् पुढं पाऊल टाकलं. मंग अजून एक. इचारलं नाही. दिपालीनं मले डोयानं खुणावलं, चालू द्या म्हणून. मिस्त्री एकटे चालले होते, त्या कल्ल्यातून, हळू, भिंतीच्या कडेकडेनं. मी मागं मागं. अन् त्यायनं इचारलं नाही तरी माहं तोंड काही थांबेना, मी आपली म्हणतच राह्यली, चालू हाय, चालू हाय, चालू हाय.